टॉवेलाएवढी कोरडी जागा

त्या वर्षी उन्हाळा पुरता लागायच्या आतच मैदानाच्या विहिरीनं हात वर केले. मोटार चालू केली की चार मिनिटं ती नुसती खाकरायची आणि मग वारा ओकायची. कडेचं गवत पिवळं पडलं, मग करडं पडलं, मग पायाखाली कुरकुरायला लागलं. दिवसाआड एक टँकर यायचा, तोही अर्धा. आणि नेमकं अशा वेळी सेक्रेटरीनं पिचवाल्याला ऑफिसात बोलावून सांगितलं, की नऊ दिवसांनी आपल्याकडे निवड चाचणीचा सामना आहे.

पिचवाला बावीस वर्षं त्या मैदानावर होता. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते तिथंच पडून होतं. हाक मारताना सगळे पिचवालाच म्हणायचे. पॅव्हेलियनच्या मागे, रोलरच्या शेडला लागून दोन खोल्या होत्या. त्यात तो, बायको आणि मुलगी राहायची. बायको क्लबच्या खेळाडूंचे कपडे धुवायची. मुलगी डावखुरी स्पिनर होती. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून आजीनं तिला भिंगरी म्हटलं, आणि ते नाव असं चिकटलं की गेल्या वर्षी देशाच्या एकोणीस वर्षांखालच्या मुलींच्या संघातून परदेशी जाऊन ती अकरा विकेट घेऊन आली, तेव्हा वर्तमानपत्रानंसुद्धा भिंगरीच छापलं.

"मोठ्या संघाचा दौरा आहे," सेक्रेटरी म्हणाला. "एक स्पिनर पाहिजे. जागा एक आणि मुली दोन. एक तुझी, दुसरी ती अकादमीतली उंच."

पिचवाल्यानं विचारलं, "मग?"

"मग काय? निवड समितीच्या बाई स्वतः येणार आहेत. त्यांचा निरोप आहे, पिच सपाट पाहिजे. कडक. दिवसभर हलता कामा नये."

"स्पिनरची परीक्षा आणि सपाट पिच?"

"अरे, बाईंनी मागितलीय. तू कशाला डोकं चालवतोस? पाणी मार, रोलर फिरव, मोकळा हो."

पिचवाला मान हलवून बाहेर आला, पण डोकं चालायचं थांबेना. बावीस वर्षांत त्यानं एकही माणूस असा पाहिला नव्हता, की ज्यानं पिच मागितली आणि त्यात त्याचा मतलब नव्हता. ज्या कॅप्टनकडे दोन फास्ट बोलर, तो गवत मागायचा. ज्याला सामना बरोबरीत सोडवायचा, तो मेलेली पिच मागायचा. एका अध्यक्षांना तर संध्याकाळी भाचीच्या लग्नाला जायचं होतं म्हणून त्यांनी दुपारपर्यंत मोडणारी पिच मागितली होती, आणि ती त्यानं करून दिली होती. पिच कशी हवी हे सांगणारा खरं तर कोण जिंकायला हवं तेच सांगत असतो, हे त्याच्या हाडीमासी मुरलं होतं. आता या बाईंना सपाट हवी. सपाट आणि कडक पिचवर चेंडू उसळतो. उसळी कोणाला मिळणार? उंचीला. म्हणजे जागा आधीच वाटून झालीय, वर आपल्यालाच राबवून घेतायत. तो शेडमध्ये जाऊन रोलरला पाठ टेकून बसला आणि एकटाच शिव्या देत राहिला.

घरी बायकोनं वेगळंच विचारलं. "पाणी कुठून आणणार तेवढं?"

"टँकर आहे की."

"टँकर तुमच्या पिचच्या एका टोकाला पुरत नाही. माझी पिंपं घ्या."

"आणि कपडे?"

"नऊ दिवस कपडे घेत नाही म्हणून सांगते. घालू देत त्यांना घामट. आपल्या अंगाचा वास कसा असतो ते तरी कळेल एकदा." ती हसली, पण हसता हसता तिनं दोन्ही पिंपांवरची फळकुटं काढून बाजूला ठेवली. ते पाणी तिनं आठवडाभर हात आखडून जमवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बाप-लेक रोलरला जुंपले. मजुराला सुट्टी दिली होती, कारण द्यायला पाणी नव्हतं तशी मजुरीही नव्हती. रोलर जुना, लोखंडी, आत सिमेंट भरलेला. सुरुवातीची दोन हात जागा तो हलायचाच नाही; पाय मातीत रुतवून, छाती दांड्याला लावून, दोघं एका दमात रेटायची आणि मग तो कुरकुरत निघायचा. भिंगरी डाव्या बाजूला असायची. डाव्या हाताची बोटं दांड्यावर ती कधी आवळायची नाही, नुसतं मनगट टेकवायची. बोटांना जपायची सवय तिला बापानंच लावली होती.

"बाबा, सपाट मागितलीय ना?" तिनं धापा टाकत विचारलं.

"हो. तुला कोणी सांगितलं?"

"सेक्रेटरीनं. बरं झालं."

"बरं काय झालं त्यात?"

"अरे, सपाट पिचवर मी फिरवते. त्या उंच पोरीला नाही येत फिरवता, तिचा सरळच जातो."

पिचवाला थांबला. घाम डोळ्यांत उतरला होता तो त्यानं बाहीनं पुसला. "तू फिरवतेस ते माझ्या पिचवर. जन्मभर इथंच टाकलंस. ही माती तुला ओळखते."

"तिकडं परदेशात काय तू माती पाठवली होतीस? तिथंही फिरला की."

"बरं बरं. ढकल आता, ऊन चढतंय."

त्यानं ते एका कानानं ऐकलं आणि दुसऱ्यानं सोडून दिलं. पोरगी भाबडी आहे, माणसं कशी असतात तिला काय ठाऊक, असंच त्याच्या मनात आलं.

आता यात त्याला एक गोष्ट अशी ठाऊक होती, जी जगात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हती. भिंगरी आठ वर्षांची असल्यापासून रोज संध्याकाळी तिचा सराव संपला की तोच खराटा घेऊन पिच झाडायचा, चेंडूचे वण बुजवायचा. पॅव्हेलियनकडून टाकलेला तिचा चेंडू पलीकडच्या टोकाला, झाडाकडच्या स्टंपांच्या अलीकडे पाच पावलांवर पडायचा, मधल्या स्टंपाच्या रेषेत. शंभरातले नव्वद तिथं. एक टॉवेल पसरला तर त्याच्या बाहेर वण नसायचे. कोचला तिची टप्प्याची जागा साधारण माहीत होती. बापाला ती गुडघ्यांनी माहीत होती, कारण अकरा वर्षं तो रोज तिथं गुडघे टेकत होता.

तिसऱ्या दिवशी झारीनं पाणी घालत घालत तो त्या जागेपाशी आला, आणि त्यानं झारीचं तोंड वर केलं. दोन पावलं पुढं गेला. पुन्हा तोंड खाली केलं.

एवढंच. कोणी पाहिलं नाही. मैदानावर होतं कोण? दूरवर एक कुत्रं सावली शोधत होतं. चौथ्या दिवशीही त्यानं तसंच केलं. मग त्या कोरड्या जागेवर कापलेल्या गवताचा चुरा भुरभुरून वरून रोलर फिरवला. बाकीच्या पिचसारखाच रंग आला, तशीच लकाकी आली. वरची साय तेवढी घट्ट, खाली भुसा. आपल्या हातातलं कसब पाहून त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. तुम्ही वर बसून डाव टाकता काय? टाका. खाली माती माझ्या हातात आहे.

पाचव्या दिवशी बायको बादली घेऊन पिंपांपाशी आली. एक पिंप अजून गळ्यापर्यंत होतं. तिनं पिंपाकडं पाहिलं, मग पिचकडं पाहिलं आणि बादली खाली ठेवून तिथंच उभी राहिली. तो पाणी घालत त्या जागेशी आला. झारीचं तोंड वर गेलं.

"अहो, तिथं राहिलं," ती म्हणाली.

"राहू दे."

"राहू दे म्हणजे? पाणी आहे की अजून."

तो झारी घेऊन पुढं सरकला. पण ती काही वेडी नव्हती. ती जवळ आली, पायरी चुकल्यासारखी थबकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "पोरीची जागा आहे ती."

"हळू बोल."

"विचारलंत तिला?"

"विचारायचं काय? तिच्या वाईटाचं करतोय का मी?"

"तसं नाही हो. पण खेळणार ती आहे. तिला सांगा तरी."

"सांगितलं तर ती खेळेल? ती तुझी मुलगी, सरळ जाऊन सेक्रेटरीला सांगेल. ते लोक तिचा गळा कापायला बसलेत, आणि मी हातात झारी धरून बघत बसू? जा तू. कपडे धू."

"कपडे कशानं धुऊ? पाणी तुम्हाला दिलं," ती म्हणाली. बादली उचलून ती रिकामीच घेऊन गेली. त्यानंतर चार दिवस तिनं या विषयावर तोंड उघडलं नाही. तिनं उघडायला हवं होतं, असं तिला पुढं जन्मभर वाटणार होतं. पण तेव्हा तिलाही आतून वाटलंच, की साधलं तर साधू दे.

सामन्याच्या दिवशी ऊन सकाळपासूनच टोचत होतं. निवड समितीच्या बाई आल्या. साठीच्या, आखडलेल्या चालीच्या. स्वतः एके काळच्या स्पिनर. उजव्या हाताची तर्जनी कायमची वाकडी झालेली. त्या मुद्दाम साइटस्क्रीनशेजारी खुर्ची टाकून बसल्या, म्हणजे चेंडू सरळ रेषेत दिसेल. पिचवाला रोलरच्या दांड्यावर टेकून उभा होता. भिंगरीचा संघ आधी बोलिंगला उतरला.

अकराव्या ओव्हरला चेंडू भिंगरीच्या हातात आला. तीन पावलं, उडी, हात कानाजवळून फिरला. चेंडू हवेत थांबल्यासारखा झाला आणि पडला तो बरोबर त्या टॉवेलावर. मातीची चिमूट उडाली. चेंडू असा काही वळला, की बॅट, स्टंप आणि कीपर या सगळ्यांना चुकवून सीमेपार गेला.

"घ्या!" पिचवाला स्वतःशीच म्हणाला. त्याची छाती फुगली.

दुसरा चेंडू तिथंच, तसाच. तिसरा कीपरच्या खांद्यावर बसला. चौथ्याला बॅटिंग करणारी मुलगी चक्क हसली. तिला बॅट लावायची म्हटलं तरी पोचली नसती. अंपायरनं वाइड दिला.

पिचवाल्याला कळायला दीड ओव्हर लागली. एरवी सपाट पिचवर भिंगरीचा चेंडू चार बोटं वळायचा, म्हणजे बॅटच्या मधून कडेला यायचा, कडेवरून स्लिपमध्ये जायचा. अकरा वर्षं तिनं मनगट झिजवलं ते त्या चार बोटांसाठी. इथं तो हातभर वळत होता. कड लागायची कशाला? जिथं साध्या स्पिनरला मदत लागते, तिथं भिंगरीला मदत म्हणजे अडचण होती. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

भिंगरीनं चेंडू पँटला घासला, डाव्या हाताची बोटं उलटी-सुलटी करून पाहिली. तिला वाटलं, बोटांचंच काहीतरी बिनसलंय. तिनं टप्पा आखूड केला. चेंडू कट होऊन सीमेपार गेला. टप्पा पुढं आणला. दोन पावलं पुढं येऊन त्या मुलीनं तो डोक्यावरून भिरकावला. तिथून तिचं सगळं मोजमाप ढासळलं. अकरा वर्षं जो हात न बघता एका जागी जायचा, तो आता चाचपडायला लागला. कॅप्टन ओरडली, "अगं, करतेस काय तू?"

ड्रिंक्सच्या वेळी ती सीमारेषेवर, बापापाशी आली. चेहरा लाल, ओठ सुकलेले.

"बाबा, माझं बोट बिघडलंय का रे? बघ ना जरा."

तिनं हात पुढं केला. तेव्हा सांगता आलं असतं. तिथं टाकू नकोस, मी ती जागा कोरडी ठेवलीय, एक वीत बाजूला टाक. एवढं एक वाक्य. पिचवाल्याच्या जिभेवर आलं होतं ते. पण मागं सेक्रेटरी उभा होता, बारावी खेळाडू उभी होती, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोरीचे ते डोळे होते. भेकड माणूस भेकडच असतो, मग तो बाप असो की कोणी असो.

"बोट बरं आहे," तो म्हणाला. "पाणी पी."

ती पाणी प्यायली आणि परत गेली. आठ ओव्हर, चोपन्न धावा, एक विकेट. तीही शेवटच्या ओव्हरमध्ये, फुलटॉसवर, सीमेवर झेल.

जेवणानंतर समोरच्या संघातल्या उंच मुलीची बोलिंग आली. तिचा चेंडू उंचावरून यायचा, जोरात यायचा आणि सरळ जायचा. बिचारीला फिरकी अशी नव्हतीच. पण तिचा पहिलाच नीट चेंडू त्या टॉवेलावर पडला आणि बरोबर चार बोटं वळला. कड लागली, कीपरनं झेल घेतला. ती स्वतःच आधी चकित झाली आणि मग नाचली. पिचवाला मोजत राहिला. एक, दोन, तीन. प्रत्येक वेळी तीच चिमूट उडायची. पाचवी विकेट पडली तेव्हा तो शेडमध्ये जाऊन बसला, पण टाळ्या तिथंही ऐकू येत होत्या.

सामना संपल्यावर बाईंनी त्याला पिचवर बोलावून घेतलं. सेक्रेटरी होता. बायको खेळाडूंचे टॉवेल गोळा करत होती, तीही जवळ येऊन उभी राहिली. भिंगरी किट खांद्याला लावून थोडी मागं होती. बाई कशाबशा वाकल्या आणि त्यांनी त्या जागेवर अंगठा दाबला. नखापर्यंत आत गेला.

"हे कोरडं कसं राहिलं?"

"पाणी पुरलं नाही, बाई," पिचवाला म्हणाला.

"टंचाई फार आहे हो आमच्याकडं," सेक्रेटरीनं री ओढली.

"बाकी सगळीकडं पुरलं की." बाईंनी अंगठा पुसला. "सपाट पिच मी मुद्दाम मागितली होती. दौरा आहे तिकडच्या पिचांवर चेंडू वळत नाही, वळवावा लागतो. ही डावखुरी पोरगी वळवते, हे मी तिच्या परदेश दौऱ्यात पाहिलं होतं. समितीतल्या लोकांचा विश्वास नव्हता. म्हटलं, दोघींना एका सपाट पिचवर टाकायला लावते, धावफलकच दाखवते त्यांना. आता काय दाखवू? तिच्या पाच आणि हिची एक?"

"बाई, पुढच्या वेळी..." सेक्रेटरी सुरू झाला.

"पुढची वेळ कुठली? दौरा पुढच्या महिन्यात आहे." त्या वळल्या, भिंगरीच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला आणि निघून गेल्या.

भिंगरी पिचवाल्याकडं बघत नव्हती. ती आईकडं बघत होती. दोन्ही पिंपं या पिचसाठी गेली, हे तिला माहीत होतं. पिंपांतून बादल्या भरून कडेला ठेवायला तिनंच सकाळ-संध्याकाळ हात लावला होता. आईनं मान खाली घातली आणि हातातल्या टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली.

तेवढ्यात ती उंच मुलगी धावत आली. "काका, थँक यू हं! माझा चेंडू आजपर्यंत असा कधी फिरलाच नव्हता. काय पिच केलीत!"

"बरं, बरं," पिचवाला म्हणाला. जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं होतं.

घरी भिंगरीनं बूट काढले, मोजे काढले, बुटातली माती उंबऱ्यावर झटकली. पिचवाला दारातच उभा होता. आत यायला पाय उचलत नव्हता.

"भिंगरे, अगं, मला वाटलं ते लोक..."

"मी तुला सांगितलं होतं, बाबा. रोलर ढकलताना. सपाट बरी म्हणून."

"मी तुझ्यासाठीच..."

"हो. माझ्यासाठीच," ती म्हणाली. "मी फिरवते असं तुला कधी वाटलंच नाही. तुला वाटलं, तूच फिरवतोस."

एवढं बोलून ती आत गेली. तिनं आदळआपट केली असती, त्याच्या अंगावर चेंडू फेकला असता, तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं हात-पाय धुवायला आईकडं पाणी मागितलं. आईनं पिंपाच्या तळातलं तांब्याभर काढून दिलं.

चौथ्या दिवशी यादी लागली. उंच मुलीचं नाव होतं. सेक्रेटरीनं पिचवाल्याला ऑफिसात बोलावून सांगितलं, की अकादमीवाले पिचवर खूश आहेत, पुढची शिबिरं इथंच घेणार म्हणतायत. पिचवाल्यानं मान हलवली. बाहेर येऊन त्यानं कुदळ घेतली, ती टॉवेलाएवढी जागा वीतभर खणली, नवी माती भरली, चोपली आणि वर ओलं पोतं टाकून ठेवलं.

दहा दिवस भिंगरी मैदानावर फिरकली नाही. अकराव्या दिवशी दुपार कलल्यावर ती चेंडू घेऊन आली. पिचवाला जागचा उठला. त्याला वाटलं, आलं आपलं लेकरू. खराटा घेऊन तो पुढं झाला.

"झाडू नको," ती म्हणाली. "आधी पाणी घाल."

"किती घालू?"

"सगळीकडं."

त्यानं झारी भरून आणली. पॅव्हेलियनकडच्या टोकापासून सुरुवात केली. ती क्रीझपाशी हाताची घडी घालून उभी होती. तो एक पाऊल सरकला की तीही एक पाऊल सरकायची. त्याच्या तोंडाकडं ती बघत नव्हती, झारीच्या तोंडाकडं बघत होती. झाडाकडच्या टोकाला, स्टंपांच्या अलीकडे पाच पावलांवर तो आला तेव्हा त्यानं झारीचं तोंड खालीच ठेवलं. त्यानं तिथं पाणी घातलं. पुन्हा घातलं. गरज नव्हती इतकं घातलं.

पाणी मुरेपर्यंत दोघंही थांबली. मग त्यानं रोलर फिरवायला घेतला. ती डाव्या बाजूला आली नाही, त्यानं एकट्यानंच तो रेटला. झाल्यावर भिंगरी पुढं आली, त्या जागेपाशी गुडघे टेकून बसली आणि बाईंनी दाबला होता तसा अंगठा दाबून बघितला. मग दुसऱ्या जागी दाबला. मग तिसऱ्या.

अंगठा कुठंच आत गेला नाही. तेव्हा ती उठली, हात पुसला आणि चेंडू घेऊन बोलिंगच्या टोकाकडं चालायला लागली.